रडका, चावट आणि संथ

‘माहेरची साडी’ रडकी. दादा कोंडके चावट. ‘अशी ही बनवाबनवी’ म्हणजे डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा. ‘बुनियाद’ संथ, ‘तमस’ त्याहून संथ. जुन्या चित्रपटांचा आणि मालिकांचा विषय निघाला की हे शेरे ठरलेले असतात. सकाळच्या अंबरनाथ लोकलमध्ये ते कानावर पडतात, बदलापूरच्या नव्या सोसायट्यांत कोजागरीच्या दुधाबरोबर पडतात, लग्नाच्या पंगतीत पडतात. शेरा मारणाऱ्याने तो सिनेमा लहानपणी अर्धामुर्धा पाहिलेला असतो, नाहीतर मोबाइलवर त्याचा दोन मिनिटांचा तुकडा. एक शब्द टाकला की त्याच्या दृष्टीने विषय संपतो.

माझ्या दृष्टीने तो संपत नाही. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये वाढले. आजूबाजूला सिंधी कुटुंबं, अंबरनाथच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे मराठी कामगार, नंतरच्या काळात जीन्स शिवणारे कारागीर. वर ज्यांची नावं घेतली ते चित्रपट आणि मालिका या लोकांनी मनापासून पाहिल्या. म्हणून ते शेरे ऐकले की मला राग येतो, आणि त्या रागाला कारण आहे. हे शब्द सिनेमाबद्दल बोलतात असं वाटतं, पण लागतात ते बघणाऱ्याला. रडका म्हणजे बायकांनी बघितलेला. चावट म्हणजे कामगारांनी डोक्यावर घेतलेला. तिकिटाच्या रांगेत कोण उभं होतं यावरून सिनेमाची पायरी ठरते, आणि त्याला अभिरुची असं नाव मिळतं.

‘माहेरची साडी’पासून सुरुवात करते, कारण सगळ्यांत जास्त टिंगल तिची झाली. विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ साली आला. जन्मताच आई गेली म्हणून वडील जिला अपशकुनी मानतात, ती मुलगी अलका कुबल. वडील विक्रम गोखले, सासू उषा नाडकर्णी. गावोगावच्या बायका गट करून टॉकीजला गेल्या, भिजलेले पदर घेऊन बाहेर आल्या, आणि तेव्हापासून त्यांच्यावर एकच शिक्का बसला: बायकांना काय, रडायला निमित्त हवं.

निमित्त? १९९१ च्या आधीची दहा वर्षं महाराष्ट्रात काय चाललं होतं ते आठवून बघा. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. खालच्या कोर्टाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडलं. त्याच प्रकरणातून पुण्यात नारी समता मंच उभा राहिला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन घेऊन विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणी लोकांपर्यंत गेल्या. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब. कायद्याला तीन वर्षांत दोनदा हलावं लागलं, इतकं ते दुखणं मोठं होतं. वर्तमानपत्रात रोज कुठल्या ना कुठल्या सुनेच्या अंगावर स्टोव्ह भडकल्याची दोन ओळींची बातमी असायची. ती बातमी वाचून घरात कुणी रडत नसे, कारण घरात रडलं की प्रश्न विचारले जातात. काळोख्या टॉकीजमध्ये, चार ओळखीच्या बायकांच्या शेजारी बसून, स्वतःच्या घराचं नाव न घेता रडायची सोय त्या सिनेमाने केली. ते रडणं आयुष्यातून आलेलं होतं. त्याला बावळटपणा म्हणणारा माणूस एक तर ते दशक विसरला आहे किंवा त्याच्या घरात त्या दशकाची झळ पोचली नसावी.

आणि त्या बायका पडद्यावरचं सगळं मान डोलावून गिळत होत्या, हाही गैरसमज आहे. आमच्या शेजारी एक वयस्क सिंधी बाई राहायच्या, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो. माझी आई आणि त्या एकत्र ‘माहेरची साडी’ बघून आल्या आणि त्यानंतर कितीतरी दिवस भांडी घासताना त्यांचा वाद चालला होता. अम्मांचं म्हणणं, मुलीने पहिल्या मारालाच घर सोडायला हवं होतं, आम्ही तर मुलूख सोडून आलो. आईचं म्हणणं, सोडून जाणार कुठे? माहेरचं दार बंद असतं हेच तर त्यात दाखवलंय. या वादात चित्रपटाची सगळ्यांत मोठी खोट त्यांनी बरोबर पकडली होती. ती मुलगी सोसत राहते आणि सोसणं हीच तिची थोरवी ठरते. पोलीस ठाणं आणि कोर्ट यांची वाट तिला कुणी दाखवत नाही. हा आक्षेप रास्त आहे, माझाही आहे. पण तो आक्षेप घ्यायला सिनेमा पूर्ण बघावा लागतो, त्यातल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवावं लागतं. ‘रडका’ म्हणणारा यातलं काहीच करत नाही.

आता चावटपणाकडे येऊ. दादा कोंडके १९३२ साली मुंबईत नायगावला गिरणी कामगारांच्या कुटुंबात जन्मले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिलं आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ने चित्रपटात स्थिरावलं. दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये तो लावून घ्यायला शिवसेनाप्रमुखांना मध्ये पडावं लागलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या सिनेमात काय आहे ते मात्र फार थोडे सांगू शकतात. एक भोळा पोरगा तमाशा बघायला जातो, नकळत त्याच्या फडावर चढतो, त्यापायी आई त्याला घराबाहेर काढते, आणि तमाशातली कलावती त्याला आसरा देते.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. त्यातही तमाशा आहे, त्यातही फड आहे. पण तिथे आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने रसातळाला जातात. एका चित्रपटात फड हा चिखल आहे, दुसऱ्यात निराधाराचं घर. ‘पिंजरा’ला आपण कलाकृती म्हटलं, ‘सोंगाड्या’ला चावट. मला दोन्ही चित्रपट आवडतात, ‘पिंजरा’तला डॉ. लागूंचा अभिनय तर पुन्हा पुन्हा बघावा असा. तरीही हा फरक उच्चभ्रू मनाला का सोयीचा वाटला हे विचारायला हवं. तमाशा कलावंतांना माणूस म्हणून, आधार देणाऱ्या बाजूने उभं करणारा सिनेमा खालच्या पायरीवर का बसवला गेला? द्व्यर्थी बोलण्यामुळे, असं उत्तर येईल. मग गवळणीतली मावशी आणि बतावणीतला सोंगाड्या यांचं काय करणार? ते बोलणं दादांनी शोधून काढलेलं नाही. शतकानुशतकं जत्रेच्या मैदानात शेतकरी आणि कामकरी ते ऐकत आले, त्यावर हसत आले. दादांनी ते उचलून मुंबईच्या टॉकीजमध्ये आणलं, आणि गिरणगावातल्या माणसाला आपली भाषा मोठ्या पडद्यावर ऐकू आली.

नंतरच्या काळात त्यांचे काही चित्रपट, विशेषतः हिंदीतले, नुसत्या कोट्यांवर तरले आणि नायिका त्या कोट्यांचं निमित्त उरली. त्यांच्यावर टीका जरूर करा. पण सुरुवातीच्या दादांना त्या हिशेबात ओढू नका.

आणखी एक गंमत नव्हे, पुरावा सांगते. ज्या घरांत दादा कोंडके वर्ज्य होते, त्याच घरांत ‘अशी ही बनवाबनवी’ मुलाबाळांसकट पाठ असते, निखळ कौटुंबिक विनोद म्हणून. ‘सोंगाड्या’ लिहिणारे वसंत सबनीस आणि १९८८ ची ‘बनवाबनवी’ लिहिणारे वसंत सबनीस एकच. ज्याला वेळेचं, शब्दाच्या वजनाचं, सोंग घेतलेल्या माणसाच्या फजितीचं भान आहे अशी ती एकच लेखणी. लोकनाट्याच्या फडावर ती चालली तर चावट, पुण्याच्या बंगल्यात चालली तर निखळ. लेखणी तीच, प्रेक्षक वेगळा.

तरी ‘बनवाबनवी’वरही अन्याय होतोच, वेगळ्या तऱ्हेने. तिच्यावर सगळे प्रेम करतात आणि म्हणतात, डोकं बाजूला ठेवून बघा. का ठेवायचं? त्या सिनेमाचा विषय घर हा आहे. धनंजय माने भाड्याच्या खोलीत राहतो, सोबत्यांना आसरा देतो, घरमालक सरपोतदार त्यांना बाहेर काढतात आणि लीलाबाई काळभोर फक्त नवराबायकोलाच जागा देणार असतात, म्हणून दोघांना लुगडं नेसावं लागतं. चार तरुण छपरासाठी नाव, नातं आणि वेष सगळं बदलतात. यातला एकही धागा हवेतला नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडं गोठलेलं होतं आणि भाडेकरूला काढणं जिकिरीचं होतं. त्यामुळे मालक जागा रिकामी ठेवायचे, पागडी मागायचे किंवा सरपोतदारांसारखा वचक ठेवून राहायचे. लीलाबाईंची अट हा विक्षिप्तपणा नव्हता, त्या काळच्या कुठल्याही घरमालकाच्या तोंडी शोभेल असा तो व्यवहार होता. एकट्या मुलांना जागा मिळत नाही हे आज बदलापूरला भाड्याने घर शोधणाऱ्या पोरापोरींना विचारा.

कॅम्प पाचमध्ये हे कळायला पुस्तक लागत नाही. आमचं शहरच मुळात जागेच्या प्रश्नातून झालेलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेला कल्याण कॅम्प, दोन हजारांहून जास्त बराकी, आणि फाळणीनंतर त्यात आणून ठेवलेले जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासित. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्याला उल्हासनगर हे नाव दिलं. बराकींच्या मोठ्या दालनांत गोणपाट आणि पत्रे लावून संसार वाटले गेले. पुढे त्याच जागांवर इमारती चढल्या, परवानगीशिवाय चढल्या. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितलं, आणि मग त्या नियमित करण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये तर दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. अशा गावात ‘बनवाबनवी’ बघताना माणसं हसतात ती ओळखीने हसतात. खोलीसाठी खोटं बोलणं हा आमच्याकडे विनोदाआधी अनुभव आहे. या सिनेमाबरोबर डोकं चालू ठेवलं तर हसू कमी होत नाही, उलट आत रुतत जातं.

‘जुनं सगळं अस्सल होतं, आता नुसते रिमेक’ असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: ‘बनवाबनवी’ १९६६ च्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून आली, महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’ तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’वरून, ‘माहेरची साडी’ राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’वरून आणि ‘पिंजरा’चं मूळ १९३० च्या जर्मन ‘ब्लू एंजल’मध्ये. उसनी गोष्ट आपल्या मातीत कशी रुजवली यावर बोलता येतं. उसनी होती की नव्हती यावर बोलून हाती काही लागत नाही.

राहिला संथपणा. हा शेरा बहुतेक वेळा दूरदर्शनच्या मालिकांवर बसतो, त्यातही ‘तमस’वर. जानेवारी १९८८ मध्ये भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ती मालिका गोविंद निहलानींनी आणली. सुरुवातीलाच ओम पुरींचा नत्थू रात्रभर एका डुकराशी झुंजतो. कुणीतरी पैसे देऊन सांगितलंय, डुक्कर मारून दे. का ते त्याला माहीत नाही. तो प्रसंग लांबतो, दिवा मिणमिणतो, नत्थू घामाने निथळतो, डुक्कर मरत नाही. आज हे बघणारा पडद्यावर बोट फिरवून पुढे सरकतो. पण सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं, शहर पेटतं, आणि मग नत्थूला जे कळतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायला हवं असेल तर ती रात्र तेवढीच लांब हवी. त्याने किती कष्टाने ते काम केलं हे आपण भोगलेलं असतं, म्हणून त्याचा अपराधभाव आपल्यालाही चिकटतो. अर्ध्या मिनिटात कापलेल्या प्रसंगातून नुसती माहिती मिळाली असती. निहलानी मूळचे छायाचित्रकार. अंधाराला किती वेळ द्यायचा हे त्यांना नेमकं कळत होतं.

‘तमस’वर त्या वेळी आणखी गंभीर आरोप झाला होता. ही मालिका बघून लोक भडकतील, दंगली होतील, म्हणून प्रक्षेपण थांबवा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पूर्ण पाहिली आणि मग याचिका फेटाळली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मत उचलून धरलं. न्यायालयांनी जो माणूस समोर ठेवला तो सर्वसाधारण, समंजस प्रेक्षक होता. अशा माणसाला या चित्रातून द्वेषाऐवजी द्वेष कसा पेरला जातो हे कळेल, असा त्यांचा विश्वास होता. मला हा निकाल मराठी रसिकतेच्या सगळ्या चर्चांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. न्यायाधीशांनी तुकड्यावर मत दिलं नाही, आणि सामान्य प्रेक्षकाला कमअक्कल धरलं नाही. शेरेबाजी करणारे या दोन्ही गोष्टी नाकारतात.

कॅम्प पाचमध्ये ‘तमस’ ज्यांनी पाहिली त्यांतल्या अनेकांनी दंगल आणि पळापळ अंगाने अनुभवली होती. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी दहा-बारा माणसं जमत. त्या खोलीत कुणाला मालिका संथ वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. भाग संपल्यावर थोरली माणसं तिथेच बसून एकमेकांना सांगू लागत: आमच्याकडे असं नव्हतं, आम्ही बोटीने आलो, घराला कुलूप लावून किल्ली बरोबर आणली. त्या बोलण्यासाठी जागा हवी होती, आणि मालिकेच्या गतीने ती ठेवली होती.

यावर एक रास्त प्रतिप्रश्न येतो. लोकांना आवडलं म्हणून चांगलं, असंच म्हणायचं का? अजिबात नाही. लोकांना आवडलेल्या कित्येक वाईट गोष्टी मला माहीत आहेत. माझी मागणी एवढीच, की दोष दाखवायचे तर कलाकृतीत बोट ठेवून दाखवा. ‘बनवाबनवी’त पुरुष बाईच्या वेषात वावरतात आणि खऱ्या बायकांना फसवतात, त्या फसवणुकीचा जाब शेवटी अगदी चटकन मिटतो, हा दोष आहे. सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ती सोंगं जीव ओतून वठवली, त्याने दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. ‘माहेरची साडी’चा दोष वर सांगितलाच. हे सगळं बोलायला त्या प्रेक्षक बायकांना किंवा कामगारांना कमी लेखावं लागत नाही.

आणि ‘बुनियाद’वर माझा आरोप याहून मोठा आहे. १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर आलेली ही मालिका मनोहर श्याम जोशींनी लिहिली. शंभराहून जास्त भाग, लाहोरच्या मास्टर हवेलीराम आणि लाजोजींचं घराणं, विशीतिशीतल्या आलोक नाथ आणि अनिता कंवर यांनी साकारलेलं म्हातारपण. साठ वर्षांची कहाणी एवढ्या अवकाशात सांगायची तर ती घाईने सांगता येत नाही, हे उघड आहे. माझं दुःख दुसरंच आहे. निर्माते जी. पी. सिप्पी सिंधमधल्या हैदराबादचे. दिग्दर्शक रमेश सिप्पींचा जन्म कराचीचा. ‘तमस’चे निहलानीही कराचीत जन्मलेले. फाळणीवरच्या दूरदर्शनच्या दोन सगळ्यांत मोठ्या मालिकांमागे सिंधमधून आलेली माणसं उभी होती, आणि दोन्ही गोष्टी पंजाबच्या निघाल्या. पंजाब आणि बंगाल तोडले गेले, सिंध मात्र अखंड पलीकडे गेला, त्यामुळे सिंध्यांना इथे स्वतःचं म्हणावं असं राज्यच उरलं नाही. जानेवारी १९४८ च्या कराचीच्या दंगलीनंतर हजारो कुटुंबं बोटींतून मुंबईला उतरली. त्यांच्या वाट्याला आगगाडीची ती प्रसिद्ध दृश्यं नव्हती, धक्का होता, बोट होती, बराक होती. १९५८ च्या ‘अबाणा’ या सिंधी चित्रपटात शीला रमाणी होती, कोवळ्या वयातली साधना होती. त्यानंतर आमच्या शेजाऱ्यांची फाळणी देशाच्या पडद्यावर ठळकपणे आलीच नाही. ‘फाळणीवरचं तेच तेच बघून कंटाळा आला’ असं म्हणणाऱ्याला मी विचारते, तुम्ही बराकीत गोणपाटाच्या आडोशाला मांडलेला संसार कुठल्या मालिकेत पाहिलात? कराचीच्या धक्क्यावर रांगेत उभी असलेली बाई कुठल्या सिनेमात पाहिलीत? ‘बुनियाद’ला जाब विचारायचाच असेल तर तो हा विचारा.